दगड, खार आणि कांती

वाशीम जिल्ह्यात त्वचेच्या दुखण्यातून बरे झालेल्या दोन राजांच्या कथा सांगतात. पहिली खुद्द वाशीम शहरातली. वासुकी नावाच्या राजाला कुष्ठ झाले होते. गावाबाहेरच्या एका लहानशा कुंडात त्याने स्नान केले, अंग स्वच्छ झाले, आणि कृतज्ञतेने त्याने ते कुंड मोठे करून बांधून काढले. तेच पद्मतीर्थ. दुसरी कथा मालेगाव तालुक्यातल्या शिरपूरची. एलिचपूरचा, म्हणजे आजच्या अचलपूरचा, राजा ईल हा जैन परंपरेत श्रीपाल म्हणूनही ओळखला जातो. त्याच्या अंगाला असाच रोग जडला होता. रानात फिरताना त्याने एका जलाशयावर हातपाय आणि तोंड धुतले. घरी परतल्यावर राणीच्या लक्षात आले, की जिथे पाणी लागले तिथली त्वचा निर्मळ झाली आहे. पुढे स्वप्नात दृष्टान्त झाला, पाण्यातून पार्श्वनाथांची मूर्ती निघाली आणि शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाचे तीर्थ उभे राहिले. जिनप्रभसूरींनी १४ व्या शतकात ‘विविधतीर्थकल्प’ या ग्रंथात या तीर्थाची कथा लिहून ठेवली आहे.

दोघेही राजे. त्यांच्या खजिन्यात माणिक-मोत्यांची वाण नसणार. तरीही कथा सांगणाऱ्यांनी त्यांना बरे केले ते पाण्याने.

ही गोष्ट आज मुद्दाम आठवायला हवी. गुलाबी स्फटिकाचे रोलर, चेहऱ्यावर फिरवायच्या जेडच्या पट्ट्या, ‘रत्नयुक्त’ क्रीम आणि रात्रभर स्फटिक बुडवून ठेवलेले पाणी आता तालुक्याच्या गावापर्यंत पोचले आहे. विकणारे सांगतात, की ही हजारो वर्षांची भारतीय परंपरा आहे. दगडांचा आणि त्वचेचा संबंध आपल्याकडे खरोखरच फार जुना आहे. तो नेमका कसा होता, हे पाहायला वाशीमसारखी दुसरी जागा नाही. कारण इथे पायाखालच्या दगडातच स्फटिक आहेत, जवळ खाराचे सरोवर आहे, आणि एके काळी हे गाव राजधानी होते.

वऱ्हाडची काळी माती ज्या खडकापासून झाली, तो दख्खनचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांत खनिजे विरघळलेले पाणी झिरपत राहिले, आणि थरावर थर चढून अकीक, गारगोटी, जांभळा स्फटिक, झिओलाइट तयार झाले. विहीर खणताना किंवा खाणीत सुरुंग लावल्यावर फुटलेल्या धोंड्यात चमचमणारी पोकळी दिसते ती हीच. शेतात सापडलेली गारगोटी चकमकीसारखी ठिणगीसाठी वापरणे किंवा मुलांनी खेळायला घेणे, एवढाच तिचा खेड्यातला उपयोग होता.

पण कारागिरांनी याच दगडांतून मोठा व्यापार उभा केला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून भडोच बंदराकडे गोमेदवर्णी पट्टेदार दगड मोठ्या प्रमाणावर जात असल्याची नोंद आहे. नागपूरजवळच्या माहुरझरीला उत्खनने झाली. तिथे अकीक, लाल अकीक, स्फटिक अशा दगडांचे मणी घडवण्याचे केंद्रच सापडले. मणी घडवणे सोपे नव्हते. आधी दगडाचा ओबडधोबड तुकडा पाडायचा, मग छिलून आकार द्यायचा, घासायचा, भोक पाडायचे आणि शेवटी झिलई. फिकट, मातकट अकीक तापवला की त्यातल्या लोहाचा रंग उजळतो आणि दगड तांबडा होतो. गळ्यात बाईच्या त्वचेला टेकून राहणारा तो लाल मणी म्हणजे या मुलखात दगडाचे आणि अंगाचे पहिले नाते. ते शोभेचे होते, आणि रक्षणाच्या श्रद्धेचेही.

वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेची ही राजधानी. १९३९ मध्ये वाशीमला सापडलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट वत्सगुल्माहूनच दिलेला आहे. त्याचा काही भाग संस्कृतात, तर काही प्राकृतात आहे. ‘कामसूत्रा’त वत्सगुल्माच्या अंतःपुरातील रीतीचा उल्लेख येतो. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह याच नगरात लावला. म्हणजे नटणे, सजणे आणि रसिकता यांच्याशी या गावाचे नाव पूर्वीपासून जोडलेले आहे.

याच शाखेतला हरिषेण राजा पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात राज्य करत असताना अजिंठ्यातली उत्तम लेणी कोरली आणि रंगवली गेली. त्याचा मंत्री वराहदेव याने १६ व्या लेण्याचे दान दिले. शेजारच्या १७ व्या लेण्यात हातात आरसा घेऊन शृंगार करणारी राजस्त्री आणि तिच्या दासी रंगवल्या आहेत. त्या चित्राचे रंग कशाचे आहेत, हे पाहिले की दगडांची गोष्ट एकदम स्पष्ट होते. तांबडा गेरूचा, पिवळा पिवळ्या मातीचा, हिरवा काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत मिळणाऱ्या हिरव्या मातीचा, आणि निळा लाजवर्दाचा. लाजवर्द दूर बदख्शानच्या खाणीतून यायचा. या रंगांतले एकही खनिज आख्खे ठेवून उपयोगी पडले नाही. ते कुटले, वाटले, गाळले, खळीत कालवले, तेव्हा भिंतीवर कांती उमटली. अंगावर लावायच्या दगडांचेही असेच होते.

आयुर्वेदाच्या ग्रंथांत रत्नांच्या दोन वाटा दिसतात आणि त्या एकमेकींत मिसळू देऊ नयेत. एक वाट धारण करण्याची. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात रोजच्या दिनचर्येत रत्ने आणि अलंकार घालणे हे मंगल आणि आयुष्य वाढवणारे मानले आहे. तिथे त्वचारोगावरचा उपाय म्हणून रत्न सांगितलेले नाही. दुसरी वाट औषधाची, आणि ती रसशास्त्राची, म्हणजे खनिजांपासून औषधे करण्याच्या शास्त्राची. साधारण १३ व्या शतकातल्या ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात नऊ रत्ने आणि त्यांचे शोधन दिले आहे. माणिक आंबट रसात, मोती जयंतीच्या रसात, प्रवाळ क्षारात, पाचू गाईच्या दुधात, पुष्कराज कुळथाच्या काढ्यासह कांजीत, हिरा तांदुळजाच्या पाण्यात, नीलम निळीच्या रसात, गोमेद गोरोचनात आणि वैडूर्य त्रिफळ्याच्या काढ्यात शुद्ध करायचा. शोधन झाल्याशिवाय रत्न औषधात घ्यायचे नाही, हा नियम होता. मोत्याची पिष्टी करायची तर शुद्ध मोती खलात गुलाबपाण्याबरोबर दिवसेंदिवस घोटायचे, इतके की बोटांना कण लागू नये. रसायनशास्त्राच्या भाषेत मोती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आणि ही पिष्टी बहुतेक वेळा पोटात द्यायचे औषध होते.

त्वचेच्या लेपांत वैद्यांनी निवडलेले दगड वेगळेच होते. कुष्ठ या शब्दात आयुर्वेदाने १८ प्रकार धरले. आज ज्याला आपण कुष्ठरोग म्हणतो तो, तसेच नायटे, खरूज, इसब यांसारखी किती तरी दुखणी त्यात येत. त्यावरच्या लेपांत गेरू, गंधक, हिराकस, मोरचूद, हरताळ, मनशीळ अशी खनिजे येतात. यातली काही खरोखर गुणकारी होती. खरजेवर तेलात खलून लावलेला गंधक हा घरोघरचा उपाय होता. गंधक खरजेच्या किड्यांना मारतो आणि गंधकाचे मलम आधुनिक औषधशास्त्रानेही मान्य केलेले आहे. काही मात्र विषारी होती. हरताळ आणि मनशीळ ही दोन्ही आर्सेनिकची खनिजे. वैद्य ती जाणत होते, म्हणूनच शोधन, मात्रा आणि पथ्य यांचा एवढा पसारा होता.

वाशीमच्या लोकांसाठी त्वचेच्या कामी आलेला एक महत्त्वाचा स्फटिक मात्र कुठल्याही रत्नपेटीत नव्हता. तो रिसोडच्या पुढे, जिल्ह्याची हद्द ओलांडली की लोणारच्या सरोवरात होता. उल्केच्या आघाताने झालेले हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर आज बुलढाणा जिल्ह्यात आहे. त्याचे पाणी इतके खारट आणि अल्कधर्मी, की उन्हाळ्यात ते आटले की काठावर आणि तळाशी सोड्याचे स्फटिक बसत. ‘ऐने अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना लोणारच्या परिसरात काच आणि साबण करायला लागणारी सामग्री मिळते, असे नमूद आहे. त्याच ग्रंथात वाशीम हे या सुभ्यातले एक सरकार म्हणून येते. स्थानिक लोकांनी या खारांना त्यांच्या रंगरूपावरून नावे दिली होती: डल्ला, निमक डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की. सगळे खार एका भावाने विकले जात नसत. कापड धुणे, रंग पक्का करणे, बांगड्यांची काच, साबण, पापड, अशा वेगवेगळ्या कामांना हे खार जात.

साबण सर्वांच्या न्हाणीत येण्यापूर्वी अंगावरचा मळ, तेल आणि घाम काढायला माणसांकडे रिठा होता, शिकेकाई होती, डाळीचे पीठ होते, माती होती आणि खार होता. लोणारचा खार हा या यादीतला स्फटिकरूप सदस्य. त्याचे काम समजायला गूढ शक्तीची गरज नाही. अल्कधर्मी सोडा तेलाला फोडतो, चिकट मळ सुटतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. वासुकी आणि ईल यांच्या कथांतही मध्यवर्ती कृती धुण्याचीच आहे. ज्या काळात खरूज आणि नायटे घराघरांत होते, त्या काळात स्वच्छ पाण्याने रोज अंग धुणे हाच मोठा आधार होता. तीर्थाच्या कथेत लोकांनी हा अनुभव जपून ठेवला असे मानायला जागा आहे.

घरातही दगड होतेच, आणि ते रोज हाताळले जात. देव्हाऱ्याजवळ सहाण असे. तिच्यावर चंदन, हळकुंड, आंबेहळद उगाळली जाई. चांगली सहाण कुरुंदाची. कुरुंद हा इतका कठीण दगड, की सिकलगार त्याच्यावरच धार लावत. माणिक आणि नीलम ही दोन्ही रत्ने याच कुरुंद खनिजाची, फक्त निर्मळ आणि रंगीत. म्हणजे आजीच्या सहाणेत आणि राजाच्या मुकुटात एकाच जातीचा दगड होता. सहाणेवर दोन थेंब पाणी घालायचे, हळकुंड तिरके धरायचे आणि गोल फिरवत राहायचे. दगडाची बारीक खर हळद कापत जाते आणि दाट, पिवळा, गुळगुळीत लेप जमा होतो. दगडाने त्वचेला दिलेले देणे हेच: त्याने वनस्पती बारीक करून दिली, स्वतः मात्र झिजला नाही.

न्हाणीत वज्री असे. खरबरीत, सच्छिद्र, टाचेवरचे भेगाळलेले कातडे घासून काढणारी. वऱ्हाडच्या उन्हात अनवाणी चालणाऱ्या बायांना रत्नापेक्षा तिची गरज जास्त होती. अंगावर पित्त उठले, की सोनगेरू पाण्यात कालवून चोळत. खाज आणि आग थोडी शमे.

आणि न्हाव्याच्या धोपटीत तुरटीचा खडा. पारदर्शक, कोनेदार, ओला केला की हाताला किंचित चिकटणारा. दाढी झाल्यावर तो गालावरून फिरवला की वस्तऱ्याने झालेल्या बारीक जखमा मिटत. तुरटी त्वचा आकसते आणि रक्त थांबवते. तुरटीचे संस्कृत नाव ‘स्फटिका’, आणि हिंदीतली फिटकरी त्याच घराण्यातली. त्वचेसाठी खरा उपयोगी ठरलेला स्फटिक कोणता, असे विचारले तर महाराष्ट्राच्या प्रत्येक गावात एकच उत्तर मिळाले असते, आणि ते पैशादोन पैशांचे होते.

अकीक, यशब, जहरमोहरा या दगडांना युनानी हकिमांच्या परंपरेतही मान होता. महाराष्ट्रभर उरुसांच्या बाजारांत अत्तराशेजारी सुरमा आणि अकिकाच्या अंगठ्या मिळतात. अंगठी ही श्रद्धेची वस्तू आहे आणि तिने कोणाचे नुकसान होत नाही. सुरम्याची गोष्ट निराळी. बाजारात सुरमा म्हणून मिळणारा चकचकीत काळा खडा अनेकदा शिशाचे खनिज असते, आणि शिसे डोळ्यांवाटे, बोटांवाटे लहान मुलांच्या अंगात जाते.

आता आजच्या रोलरकडे पाहू. गुलाबी स्फटिक म्हणजे सिलिका, वाळूच्या कणांचाच भाऊबंद. तो पाण्यात विरघळत नाही, म्हणून रात्रभर बुडवून ठेवलेल्या पाण्यात त्याचे काही उतरत नाही. दगड अंगाची उष्णता चटकन ओढून घेतो, म्हणून तो गालाला गार लागतो. त्या गारव्याने आणि हलक्या मालिशीने सकाळची डोळ्यांखालची सूज तात्पुरती कमी होते. यापलीकडे स्फटिक त्वचा उजळवतो, सुरकुत्या घालवतो किंवा रोग बरा करतो, याला वैद्यकीय पुरावा नाही. ज्यांना तो गारवा आवडतो त्यांनी रोलर जरूर वापरावा; थंड पाण्यात बुडवलेला स्वच्छ पंचाही तेच काम करतो.

या चमकीची किंमत दुसरीकडे कोणीतरी मोजत असते. गुजरातमधल्या खंभातला अकीक-उद्योग शतकानुशतकांचा. तिथल्या घिसाई करणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसांत सिलिकाची धूळ जाऊन सिलिकोसिस होतो. हा रोग बरा होत नाही. दगड गुळगुळीत होताना माणसाचा श्वास झिजतो, हे सौंदर्याच्या जाहिरातीत कधी येत नाही.

त्याहून गंभीर धोका क्रीमच्या बरण्यांत आहे. हिंगूळ हा लालभडक, देखणा स्फटिक म्हणजे पाऱ्याचे खनिज. पारा त्वचेत रंगद्रव्य तयार होण्याचा क्रम अडवतो, म्हणून गोरेपणाच्या क्रीममध्ये तो चोरून घातला जातो. वाशीम १ जुलै १९९८ रोजी ज्या अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला, त्या अकोल्यातच अशी घटना उघड झाली. एका कुटुंबातल्या तिघी जणी एक उजळ करणारी क्रीम वापरत होत्या. तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या तपासात त्यामागे पारा असल्याचे निष्पन्न झाले आणि २०२३ च्या सुरुवातीला ही बातमी राज्यभर गेली. भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार डोळ्यांच्या प्रसाधनांखेरीज इतर प्रसाधनांत अनवधानाने राहिलेला पाराही दशलक्ष भागांत एका भागापेक्षा जास्त असता कामा नये.

जुन्या वैद्याच्या आणि आजच्या अनाम बरणीतला फरक इथे दिसतो. रसशास्त्राने विषारी खनिजाला विष म्हटले आणि त्याभोवती नियमांचे कुंपण घातले. ते कुंपण आजच्या कसोट्यांना नेहमी पुरे पडत नाही, हेही खरे. म्हणून खनिजयुक्त औषध पात्र वैद्याच्या देखरेखीशिवाय घेऊ नये. पण खनिजाचे नाव लपवून, ‘नैसर्गिक’ असा शिक्का मारून ते गालाला फासणे, ही कुठलीच परंपरा नव्हे.

शिरपूरची मूर्ती वाळू आणि शेणाची घडलेली आहे, असे जैन परंपरा सांगते. म्हणून तिलाही वेळोवेळी लेप द्यावा लागतो. त्या लेपाच्या आणि पूजेच्या हक्कावरून दोन पंथांत पिढ्यान् पिढ्या वाद चालला, मंदिर ४० वर्षांहून अधिक काळ बंद राहिले आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उघडले. देवाच्या मूर्तीला कोणता लेप लावायचा आणि तो कोणी लावायचा, याचा एवढा विचार होतो. आपल्या आणि आपल्या मुलींच्या चेहऱ्यासाठी त्याच्या दशांश विचार तरी व्हायला हवा. क्रीमच्या बरणीवर उत्पादकाचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि घटकांची यादी नसेल, तर ती घरात आणू नका. त्वचेवर चट्टा दिसला, तो बधिर असला, तर दगड किंवा लेप शोधत न बसता जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. कुष्ठरोगावरचे बहुविध औषधोपचार तिथे मोफत मिळतात आणि त्यांनी रोग पूर्ण बरा होतो.

वासुकी राजाला जे एका कुंडाकाठी शोधावे लागले, ते आज वाशीमच्या प्रत्येक तालुक्यात उपलब्ध आहे.